बाळीचा रंग

भगीरथच्या स्टुडिओची आणि माझ्या फ्रेमच्या दुकानाची भिंत एकच. शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या गल्लीत लोक आधी त्याच्याकडे जायचे आणि मग माझ्याकडे यायचे. फोटो त्याने काढायचा, काच मी कापायची. आमचे हे वाशिंदच्या कारखान्यात पाळीला जात, म्हणून सासऱ्यांचं दुकान माझ्या गळ्यात पडलं होतं. काच कापणाऱ्या बाईला लोक जरा वचकूनच असतात, आणि माझी जीभही काही कमी धारेची नाही. पण भगीरथ मला कधी वचकला नाही. सकाळी शटर वर केलं की तो भिंतीवर थाप मारायचा. म्हणजे वहिनी, चहा सांगा.

तो मूळचा मुरबाडच्या पुढचा, डोंगराला टेकलेल्या एका ठाकरवाडीतला. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे एका फोटोवाल्याकडे कामाला लागला. तेव्हा अर्जावर लावायचे फोटो काळे-पांढरेच असत. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली उभं राहून हा ते धुवायचा. रंगीत रोल मात्र धुवायला कल्याणला पाठवावे लागत. पुढे मालक थकून आपल्या गावी गेला आणि दुकान भगीरथने चालवायला घेतलं. दोन हजार सालानंतर त्याने कॉम्प्युटर आणला, मागोमाग डिजिटल कॅमेरा. कॉम्प्युटरला हार घालून नारळ फोडला तेव्हा मी म्हटलं, "जपून रे बाबा. ह्या गल्लीत ज्याला हार पडतो, तो माझ्याकडे काच बसवायला येतो." तो पोट धरून हसला.

त्या कॉम्प्युटरने आमच्या दोघांच्या धंद्यात एक नवंच गिऱ्हाईक आणलं. कुणाचा आजा, कुणाची चुलती, कुणाची लहानपणी गेलेली बहीण. घरात एखादाच काळा-पांढरा फोटो, तोही घड्या पडलेला. तो घेऊन माणसं यायची आणि म्हणायची, रंगीत करून द्या. भिंतीवर शेजाऱ्यांची मेलेली माणसं रंगीत झाली होती, मग आपलीच का मागे राहावीत? भगीरथ विचारायचा, लुगडं कोणत्या रंगाचं होतं? की दुकानातच भांडण. थोरला म्हणे अंजिरी, धाकटा म्हणे हिरवं. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा रंग चढायचा. आणि निघताना प्रत्येकजण दारात थबकून तेच एक वाक्य बोलायचा: "तेवढं जरा उजळ करा."

मला ह्याची चीड यायची. जन्मभर उन्हात राबून काळवंडलेली माणसं मेल्यावर माझ्या काचेखाली गोरीपान होऊन बसायची. अंगाचा रंग भगीरथ उसना घ्यायचा. वाशिंदच्या एका मास्तरीणबाईंचा फोटो त्याच्याकडे होता, त्यांच्या गालाचा रंग फार छान आला होता. माउसने तो तिथून उचलायचा आणि इथे लावायचा. "तालुक्यातल्या निम्म्या मेलेल्या बायका त्या एका मास्तरीणबाईंच्या जिवावर गोऱ्या झाल्यात," असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "वहिनी, जितेपणी कुनी त्यांना चांगलं म्हटलं नाय. आता तरी म्हनू द्या."

आणि ह्या पठ्ठ्याकडे स्वतःच्या आईचा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाळी तिचं नाव. करवंदांच्या दिवसांत ती मुरबाडच्या एसटीने टोपली घेऊन यायची, विकून झाली की माझ्या पायरीवर टेकायची. वर्णाने काळी, अगदी काळी. आणि त्या काळ्यावर कपाळभर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गोंदण दिसलंच नव्हतं. तिने तोंड उन्हाकडे केलं तेव्हा ते हिरवट दिसलं. "सोनं हितंच ऱ्हातं गो बाय," ती म्हणाली होती, "गोंदण तेवढं संगं येतं." बोलायला मोकळी, हसायला मोकळी, पण कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. भगीरथने हौसेने किती वेळा प्रयत्न केला. ती टोपली उचलून चालायलाच लागायची.

भगीरथची बहीण काजल हिचं लग्न वाडीवरच झालं, दोन हजार पाचच्या मे महिन्यात. फोटो अर्थातच भगीरथचे. घरचं कार्य, पण हा पठ्ठ्या दिवसभर डोळा कॅमेऱ्याला लावून हिंडत होता. हळदीच्या वेळी बाळी लेकीला हळद लावायला वाकली आणि पदर घसरला. दोन्ही हात हळदीने भरलेले, पदर सावरणार कशाने? ती तशीच हसली. भगीरथने तेवढ्यात बटण दाबलं. बाकीच्या सगळ्या फोटोंत बाळी म्हणजे नुसता पदर आहे. तोंड दिसतं ते ह्या एकात.

त्या वर्षी अल्बमची एक फॅशन निघाली होती. नवरी तेवढी रंगीत ठेवायची आणि आजूबाजूचं सगळं काळं-पांढरं करायचं, म्हणजे नवरी उठून दिसते. शहापूर, आसनगावच्या लोकांना ते फार आवडायचं. भगीरथने बहिणीसाठी तो हळदीचा फोटोच निवडला. काजलच्या कडेने बारीक रेघ ओढून घेतली, तिला वगळून बाकीच्याचा रंग काढून टाकला. मांडव राखाडी झाला, कळशी राखाडी झाली, बाळी राखाडी झाली. साठवताना कॉम्प्युटरने विचारलं की ह्या नावाचं चित्र आधीच आहे, त्याच्यावरच साठवू का? तो रोज शंभरदा हो म्हणायचा, तसंच हो म्हणाला. कॅमेऱ्याचं कार्ड त्याआधीच पुसून दुसऱ्या लग्नाला गेलं होतं.

अल्बम घेऊन बाळी आणि तिचा नवरा विठू भगीरथच्या दुकानात बसले होते, मीही तिथेच होते. बाळीने ते पान बराच वेळ मांडीवर धरलं.

"काजल बरी दिसतंय," ती म्हणाली. "पन मना अशी राख का लावलीस रे?"

"आये, फॅशन हाय ती. नवरी उठून दिसाय पायजे ना."

"मंग मना उठवायचीच नवती तं काढलीस कशाला?" आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण तिने पान उलटलं नाही. "बिनरंगाचा फोटू मेलेल्या मानसाचा असतो. मी जिती हाय."

"पुढल्या खेपेला रंगीत काढतो आये, पदर बाजूला धरशील ना?"

"धरीन," ती म्हणाली.

पुढली खेप आली नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत तिला ताप भरला. उपटलेल्या रोपांचं आवण वाया जाईल म्हणून ती चिखलातून उठेना. चार दिवस अंगावर काढला, आणि मुरबाडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वाडीवर कुजबुज झालीच. पोराने जित्या आईचा रंग काढून घेतला, मग काय होणार? काजलच्या सासूने तर तोंडावर बोलून दाखवलं. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, ताप चिखलाने येतो, फोटोने नाही. पण मी शहापुरात बसून बोलून काय उपयोग? ज्याच्या कानात ते पडायचं त्याच्या कानात पडून गेलं होतं.

बाराव्यानंतर विठू आला. उंच, हाडं निघालेला म्हातारा. अंगावरचं धोतर नवं होतं.

"बाळीचा फोटू दे," तो लेकाला म्हणाला. "रंगाचा दे. अहेव गेली ती. तिचं कुक्कू लाल दिसाय पायजे, चुडा हिरवा दिसाय पायजे. काळं कुक्कू मी भिताडाला लावनार नाय."

ह्यात वावगं काहीच नव्हतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा आमच्याकडे तेवढाच मान असतो. भगीरथने कॉम्प्युटर लावला. मग सगळ्या फायली उघडल्या. मग कपाटातल्या सगळ्या सीड्या काढल्या. दुपारी मी भिंतीवर थाप मारली तर तिकडून उत्तर आलं नाही, म्हणून जाऊन बघितलं. तो जमिनीवर सीड्यांच्या ढिगात बसला होता आणि म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता. "वहिनी," भगीरथ म्हणाला, "मी आईवरच साठवलं."

मग तो रंगवायला बसला. दुसऱ्यांच्या आया ज्याने चुटकीसरशी रंगवल्या, त्याचा हात ह्या एका फोटोपाशी अडला.

"बा, लुगडं कोनतं व्हतं तिचं?"

"हिरवं असंल. नायतर जांभळं. तू तं तिथंच व्हतास."

तो तिथेच होता. दिवसभर होता. त्याला नवरीचा शालू आठवत होता, नवऱ्याचा फेटा आठवत होता, कुठे उजेड कमी पडला तेही आठवत होतं. आईचं लुगडं आठवत नव्हतं.

"आन अंगाचा रंग?"

"रंग?" म्हातारा गोंधळला. "कसा म्हंजे? बाळीसारका."

दोन दिवस हे चाललं होतं. म्हातारा स्टुलावर बसून पडद्याकडे बघायचा, मान हलवायचा. नाय, अशी नवती. नाय, आता जास्तच झालं. भगीरथचे डोळे सुजले होते. त्याने मास्तरीणबाईंचा रंग काढला, त्यात काळं मिसळलं, तपकिरी मिसळलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीचा तो हात, न सांगता, न विचारता, शेवटी जरा उजळ करून मोकळा झाला. कपाळावरचं गोंदण त्या उजेडात बुडालं. हनुवटीचे ठिपके गेले. मी बघितलं ते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ उचलली नाही. भगीरथ खुर्चीत बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

म्हातारा पुढे वाकला. "हीच," तो म्हणाला. "हीच रे. झाली बरोबर. आता हात नको लावू."

"नक्की, बा?"

"हीच म्हनतो ना."

फोटो छापून काच बसवायला माझ्याकडे आला. विठू पायरीवर बसला, बाळी बसायची तिथेच. मी खिळे ठोकत होते. तो हळूच म्हणाला, "बाय, ही कोन हाय ती मना ठाव नाय."

"मग हो का म्हणालात?"

"पोऱ्या मरल रडून रडून." त्याने कमरेची पानाची चंची काढली, पुन्हा खोचली. "मना काय, बाळी माज्या डोळ्यापुढं हाय. उठता-बसता हाय. त्याच्यापाशी तं तेवढा फोटूच."

मी भगीरथला हे सांगितलं नाही, आणि मला त्याचा पस्तावाही नाही. बापाने लेकाला दिलेली वस्तू काढून घेणारी मी कोण? त्याने दुसरी प्रत स्टुडिओत लावली. कुणी आजीचा फोटो घेऊन आलं की तो वर बोट दाखवायचा: माझी आई. काळ्या-पांढऱ्यावरून केलाय. बा म्हनाला, हीच. पण त्यानंतर त्याने नवरीवाली ती फॅशन कुणाला करून दिली नाही. लोक आसनगावला करून घ्यायला लागले. कुणाचंही चित्र हातात आलं की तो आधी मूळचं बाजूला काढून ठेवायचा, आणि आईला चढवला होता तसाच रंग चढवायचा तो वेगळ्या थरावर, दुधावर साय असते तसा, खालच्याला धक्का न लावता. लोकांना उशीर व्हायचा, लोक कुरकुर करायचे.

चार वर्षांनी विठूला मोठा ताप आला. त्यातून शरीर उठलं, पण माणूस पुरता आला नाही. भाताच्या खाचरात उभा राहून तो वाडीच्याच लोकांना विचारायचा, तुमी कुठले? भगीरथने त्याला शहापूरला आणलं. भगीरथची बायको मीना दिवसा अंगणवाडीत जायची, म्हणून म्हातारा आपला स्टुडिओत, त्याच जुन्या स्टुलावर, गळ्यात लेकाने घेतलेला तांबडा मफलर. भगीरथ त्याचे सारखे फोटो काढायचा. बसला की काढ, जेवला की काढ. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

एके दिवशी मी तयार फ्रेम द्यायला गेले होते. आत किन्हवलीकडचं एक जोडपं आईचा फोटो रंगवून घ्यायला बसलं होतं आणि भगीरथ नेहमीसारखा भिंतीकडे बोट दाखवत होता. म्हाताऱ्याने त्या बोटाच्या दिशेने बघितलं.

"ही कोनाची बाय रे?" त्याने विचारलं.

भगीरथ हसला. "बा, आये हाय ना. बाळी."

"नाय." म्हाताऱ्याने ठाम मान हलवली. "बाळी काळी हाय. कपाळभर गोंदण हाय तिच्या. ही कोन शहरातली हाय, हिला मी कवा बगितली पन नाय." आणि मग, लेकाला समजावावं तशा सुरात, "तू इसरलास का तुज्या आयेला?"

जोडप्यातली बाई हसायला गेली आणि थांबली. भगीरथने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली, त्याला तेवढं पुरलं. आपला बाप चार वर्षांपूर्वी खोटं बोलला होता, आणि आता खोटं बोलायची आठवणही त्याच्यापाशी उरली नव्हती, हे त्याला त्या एका क्षणात कळलं असावं.

तो कॉम्प्युटरपुढे बसला. आईची फाइल उघडली. पडद्यावर ती गोरी बाई आली, लाल कुंकवाची, हिरव्या लुगड्याची. रंगाच्या थरासमोर एक छोटासा डोळा काढलेला असतो, तो मिटला की तो थर दिसेनासा होतो. भगीरथने तो मिटला. रंग गेला, आणि खालून बाळी वर आली. काळी, हळदीचे हात अधांतरी धरलेली, कपाळावर गोंदण, हसणारी.

म्हातारा स्टुलावरून उठला. पडद्यापाशी गेला आणि त्याने आपला आख्खा पंजा तिच्या गालावर ठेवला.

"बाळे," तो म्हणाला, "कवाची तुजी वाट बगतोय. कुठं गेलतीस गो?"

भगीरथ उठून बाहेर गेला. मी त्या जोडप्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

त्यानंतर म्हातारा रोज सकाळी पडद्यापुढे बसायचा. कामं खोळंबायची, गिऱ्हाइकं परत जायची, पण भगीरथ आधी बापाला आईशी बोलून घेऊ द्यायचा. कागदावर छापून दिलेली बाळी त्याला चालत नसे. तो कागद उलटा करून मागे बघायचा. दुपारी लोडशेडिंग असे. पडदा काळा झाला की म्हातारा हंबरडा फोडायचा, कारण दर वेळी ती त्याच्यासाठी नव्यानेच मरायची. भगीरथ त्याला कवेत घेऊन अंधारात बसून राहायचा. भिंत एकच, मला सगळं ऐकू यायचं. मी काच कापायचं काम सकाळवर ढकललं.

थंडीत विठू गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी काजल शहापूरला आली. बापाचे रंगीत फोटो ढिगाने होते, तिने एक निवडला. तांबड्या मफलरचा, डोळ्यांत चमक असलेला. भगीरथने तो उघडला आणि काळ्या-पांढऱ्यात न्यायला घेतला.

"दादा, असं नको रे," काजल म्हणाली. "बाचा मफलर तरी लाल राहू दे. सगळ्यांचे रंगीत असतात. लोक काय म्हनतील?"

कॉम्प्युटरनेही विचारलं, रंग कायमचा टाकून देऊ का? भगीरथचं बोट माउसवर तसंच राहिलं. चार वर्षं ह्या माणसाने परक्यांच्या चित्रांतला चिमूटभर रंगसुद्धा वाया जाऊ दिला नव्हता. मला वाटलं हा आता मागे फिरेल.

"आये तिकडं अशीच असंल," तो म्हणाला. "काळी-पांढरी. मी केली तशी. बा असा लाल मफलर घालून गेला, तं ती वळखायची नाय त्याला."

त्याने बटण दाबलं. काजल तोंडात पदर कोंबून रडायला लागली. त्याने बापाचा आणि आईचा, दोन्ही काळे-पांढरे फोटो छापून माझ्या हातात दिले, आणि मी ते एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसवले.